माणिक पुण्याला गेला

युसूफ वडगावच्या जलधारा बेंजो पार्टीत माणिक गायचा, अंगद बेंजो वाजवायचा, हनुमान ढोलकीवर असायचा आणि पप्पू कॅसिओवर. ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपासची गोष्ट. लग्नसराई सुरू झाली की केजपासून गेवराईपर्यंत या चौघांची जीप फिरत असायची. टपावर कर्णे, मागं जनरेटर आणि स्पीकरच्या खोक्यावर रंगानं लिहिलेलं, 'जलधारा. गायक : माणिक.' बाकीच्यांची नावं खाली बारीक अक्षरांत होती. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण लोक सुपारी द्यायचे ती माणिकच्या आवाजाला.

गोड म्हणावा असा तो आवाज नव्हता. घोगरा होता आणि वर चढला की फाटायचा. पण नवरीला वाटं लावायची वेळ आली की माणिक त्याचं स्वतःचं एक गाणं म्हणायचा. 'लेक चालली, दार लोटून घ्या, उंबऱ्याला सांगा रडू नको.' त्या 'रडू नको'वर आवाज फाटला की मांडवातली माणसं इकडंतिकडं बघायला लागायची. नवरीचा बाप तर हमखास मांडवाच्या मागं जाऊन उभा राहायचा.

काही गावांत माणिकचं आणि हनुमानचं ताट मांडवाबाहेर लागायचं. अंगद पाटलाच्या घरचा, त्याचं आत. तो आपलं ताट उचलायचा आणि बाहेर येऊन माणिकच्या शेजारी बसायचा. यावर तो कधी बोलला नाही आणि माणिकनंही कधी विचारलं नाही.

पंचशीला चकलांब्याची. मामेबहिणीच्या लग्नात तिनं माणिकला ऐकलं होतं आणि पुढच्या वर्षी त्याच्याशीच तिचं लग्न झालं. घरात माणिक नवीन चाल बांधायचा तेव्हा ती भाकरी थापत असायची. तो ओळ म्हणायचा आणि थांबायचा. ती थापता थापताच म्हणायची, "शेवटाला लई वर नेऊ नका. पोरगी जाती हाय, पळून न्हाई चालली." माणिक हसायचा आणि ओळ बदलायचा. त्याची सगळी गाणी तिला पाठ होती. फक्त ती कुणासमोर गायली नव्हती.

सायली चालायला लागली त्या सुमारास माणिकला ताप यायला लागला. ताप जायचा, पुन्हा यायचा. अंगावरचं मांस उतरलं. तोंडात पांढरे चट्टे आले आणि गाताना घास अडकल्यासारखं व्हायला लागलं. केजच्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून औषधं दिली, मग टीबीची दिली, मग मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं रक्त तपासलं. तिथल्या डॉक्टरनं निकाल सांगितला तो वऱ्हांड्यात, चार माणसं ऐकतील असा. शेजारच्या बाकड्यावरची बाई आपलं लेकरू उचलून दुसरीकडं जाऊन बसली. पंचशीलाला आधी कळलंच नाही ती का उठली.

मग पंचशीलाचं रक्त तपासलं. तिलाही तेच होतं. सायलीला नव्हतं. ते ऐकून पंचशीला भिंतीला टेकून खाली बसली.

त्या वेळी गोळ्या नव्हत्या. म्हणजे कुठंतरी होत्या, पण वडगावच्या माणसापर्यंत पोचत नव्हत्या. भिंतींवर, एसटीवर, रेडिओवर एवढंच सांगितलं जायचं की एड्स म्हणजे मरण. आणि माणसं एवढंच ऐकायची. हा आजार आला कुठून, हे माणिकला सांगता येत नव्हतं. एकदा जीप उलटली होती तेव्हा त्याला रक्त चढवलं होतं. आणि लग्नाच्या आधी, पार्टीबरोबर बाहेरगावी असताना, एकदोनदा तो नको त्या जागी गेला होता. हेही त्यानं पंचशीलाला सांगून टाकलं. ती काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली, कारण त्याला पाणी हवं होतं आणि देणारं दुसरं कुणी नव्हतं.

गावाला कळायला वेळ लागला नाही. गिरणीवाला तिचं दळण सगळ्यांत शेवटी टाकायला लागला. न्हावी म्हणाला, माझी तब्येत बरी नाही, आणि त्याच्या पुढ्यात गिऱ्हाईक बसलेलं होतं. हापशीवर तिचा हंडा भरून झाला की बाया दांडा धुवायच्या. अंगणवाडीत सायलीला दाराजवळ वेगळं पोतं टाकून बसवायला लागले. पंचशीलानं एकदा ते पाहिलं आणि पोरीला कडेवर घेऊन घरी आली. पुन्हा पाठवली नाही.

पार्टी मात्र चालू होती. माणिक खुर्चीवर बसून गायचा. पण बातमी जीपच्या पुढं पळत होती. गेवराईकडच्या एका गावात लग्न होतं. दुपारची वेळ, मांडव भरलेला. माणिकनं दोन गाणी म्हटली. मग पाव्हण्यांच्या स्वागताला नवरीच्या चुलत्याला माईक हवा होता. पप्पूनं माईक पुढं केला. चुलत्यानं हात मागं घेतला आणि म्हणाला, "दुसरा न्हाई का?"

"एकच हाय," पप्पू म्हणाला.

"मग ऱ्हाऊ द्या. मी तोंडीच बोलतो."

एवढ्या मोठ्या मांडवात तो माणूस घसा ताणून बोलला. मागच्यांना काही ऐकू गेलं नाही, पण कारण सगळ्यांना कळलं होतं. कुणीतरी डेटॉलची बाटली आणली आणि पप्पूच्या हातातला माईक पुसून दिला. पप्पूनं पुसू दिला. माणिक खुर्चीवरून हे सगळं बघत होता. वाटं लावायच्या वेळी त्यानं गाणं म्हटलं नाही. अंगदनं नुसत्या बेंजोवर ती चाल वाजवली आणि नवरी गेली.

परत येताना जीपमध्ये माणिक म्हणाला, "अंगद, आता मला नेत नको जाऊस."

अंगद म्हणाला, "गप बस बे."

पण पुढच्या लग्नाला जीप आली तेव्हा माणिक घरातून बाहेर आलाच नाही. अंगद बराच वेळ हॉर्न वाजवत राहिला.

माणिक उन्हाळ्यात गेला. सकाळची वेळ होती, त्याचं डोकं पंचशीलाच्या मांडीवर होतं आणि सायली उंबऱ्यात बसून बिस्किट खात होती. तिरडी बांधायला पंचशीलाचा भाऊ चकलांब्याहून आला. खांदा द्यायला चार माणसं लागतात. हनुमान गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. पप्पू गावातच नव्हता. भाऊ, अंगद, भावाचा एक मित्र आणि माणिकचे म्हातारे चुलते अशा चौघांनी त्याला नेलं. अंगद परत आला तेव्हा त्याच्या बापानं त्याला दारात अडवलं, कपडे बाहेरच जाळायला लावले आणि गोठ्याजवळ आंघोळ करायला लावली. अंगदनं सगळं मुकाट्यानं केलं.

त्यानंतरची लग्नसराई रिकामी गेली. जलधाराला कुणी सुपारी देईना. हनुमानच्या घरात खाणारी तोंडं जास्त होती, पप्पूचं लग्न ठरलेलं होतं. शेवटी तिघांनी मिळून स्पीकरच्या खोक्यावर निळा रंग मारला आणि वर लिहिलं, 'साईदीप बेंजो पार्टी, केज.' वडगावचं नावही काढून टाकलं. गायला धारूरकडचा एक पोरगा आणला. आवाज बरा होता त्याचा, फाटत नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी पंचशीला भाजी घेत होती. शेजारच्या गावची एक ओळखीची बाई भेटली आणि सहज म्हणाली, "काय गं, तुझा मालक पुण्याला हाय म्हनं? तू कावून न्हाई गेलीस?"

पंचशीला म्हणाली, "कोन म्हनलं?"

"आमच्या दिराच्या लग्नात ती पार्टी आलती. मानसांनी इचारलं, तुमचा पैला गाणारा कुटं हाय? तर म्हनले, पुण्याला गेला. कंपनीत लागला."

पंचशीलानं भाजी तिथंच ठेवली आणि थेट अंगदच्या शेतावर गेली. तो मोटर चालू करत होता. तिला बघून त्यानं हात पुसले.

"भाऊ, हे पुण्याला कधी गेले?"

अंगदनं आधी मोटर बंद केली. मग म्हणाला, "वैनी, मेला म्हनलं की लोक इचारत्यात, कशानं. ते सांगितलं की आमाला बी कुनी दारात हुबं करत न्हाई. पुण्याला गेला म्हनलं की पुढं कुनी इचारत न्हाई."

"आन मी? मी रांडमुंड हाय का न्हाई, हे बी तुमीच ठरवनार?"

पंचशीला बांधावर बसली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला गाऊ द्या. समदी गाणी येत्यात मला."

हे तिनं कधीपासून मनात ठेवलं होतं हे तिलाही माहीत नव्हतं. अंगदनं तिच्याकडं पाहिलं आणि हो म्हणाला. का हो म्हणाला, हे त्याला नंतर हनुमानलाही सांगता आलं नाही.

ती एकदाच गायली. परळीकडच्या एका लांबच्या गावात, जिथं कुणी ओळखणार नाही असं त्यांना वाटलं. डोक्यावर पदर घेऊन ती माईकसमोर उभी राहिली. माणिकच्या गाण्यातली ती ओळ तिनं वर नेली नाही. खालच्याच सुरात म्हटली, जवळ बसलेल्या कुणालातरी सांगावी तशी. हनुमानचा हात ढोलकीवर हलका पडला. मांडवात कुणी बोलत नव्हतं. पंचशीलाला वाटलं, हे आपल्याला जमतंय. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला काहीतरी जमतंय असं वाटलं.

मग बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. चकलांब्याची एक लेक त्या गावात दिलेली होती. थोड्याच वेळात पुढं बसलेल्या बायांनी पोरं मागं ओढली. एक माणूस उठला, जनरेटरपाशी गेला आणि त्यानं तो बंद केला. गाणं मधेच तुटलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. तिला जीपमध्ये बसायला सांगितलं एवढंच. पार्टीचं जेवण पत्रावळींवर जीपपाशीच आणून दिलं. त्या दिवशी अंगद तिच्या शेजारी येऊन बसला नाही. तो पुढच्या सीटवर बसून राहिला आणि त्याची पत्रावळ तशीच राहिली.

त्यानंतर पंचशीला वडगाव सोडून केजला आली. शिवणकाम शिकली. ब्लाऊज शिवायला लागली. दोन-चार वर्षांनी सरकारी गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी सुरुवातीला डोकं गरगरायचं, वाईट स्वप्नं पडायची, पण ती जगली. सायली दहावीत असताना पंचशीलानं तिला सगळं सांगितलं. सायलीनं ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी गोळ्या आणायला आईबरोबर गेली. मग दर वेळी जायला लागली. केजमध्ये दुसऱ्या कुणाला हे माहीत नव्हतं.

सायलीचं लग्न ठरलं ते तलवाड्याच्या समाधानशी. समाधान लाईनमन, साधा माणूस. त्याच्या आईनं, भिवराबाईंनी, बघण्याच्या वेळी विचारलं, "पोरीचे वडील कशानं गेले?"

पंचशीला म्हणाली, "कावीळ झाली होती."

सायलीनं आईकडं पाहिलं नाही. लग्न झालं. पुढं संबोधी झाली. दर दिवाळीत आणि उन्हाळ्यात संबोधी आजीकडं राहायला यायची, कापडाच्या चिंध्यांच्या ढिगात लोळायची आणि मशीनचं पायडल हातानं दाबायची.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता अंगद केजला आला. दुपारची वेळ होती. दारात एक वाळलेला, टोपी हातात धरलेला माणूस उभा.

"वैनी, वळखलं का?"

"वळखलं. या आत."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. बेंजो पार्टी कधीच मोडली होती. डीजे आले आणि साईदीपही संपली. हनुमान वारला होता, पप्पू छत्रपती संभाजीनगरला पोराकडं राहायला गेला होता. अंगद शेतीच करत होता. केजच्या कॉलेजातली रोहिणी नावाची मुलगी जुन्या बेंजो पार्ट्यांचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायची. ती त्याच्याकडं आली होती.

"तिनं इचारलं, तुमचे पैले गायक कोन? मी माणिकचं नाव सांगितलं. मंग ती म्हनली, ते आता कुटं असत्यात?" अंगद थांबला. "वैनी, माझ्या तोंडातून गेलं, पुण्याला. आता कुनी सुपारी मोडनार न्हवतं. कुनी जोर बी केला न्हवता. आपसूक गेलं."

पंचशीलानं मशीन थांबवलं. "मग ती काय म्हनली?"

"पुण्यात कुटं, म्हनली. मी म्हनलो, हडपसरला."

"हडपसरच कावून?"

"तितं माझा साडू ऱ्हातो."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. अंगद म्हणाला, "तेवीस-चोवीस वरसं झाली. मानूस आपल्या हातानं जाळला आन त्याला हडपसरला ऱ्हायला ठिवलं मी. मला झोप येत न्हाई."

पंचशीलानं त्याला चहा दिला. त्यानं तो पिऊन कप खाली ठेवला. मग म्हणाली, "त्या पोरीला पुन्हा बोलवा. मी येते."

तिनं सायलीला फोन केला. सायली फोन घेऊन घराबाहेर अंगणात आली. मग म्हणाली, "मम्मी, पप्पांचं सांग. सगळं सांग. पण त्या आजाराचं नाव घेऊ नको. इथं आपण कावीळ सांगितलीय."

"न्हाई घेत," पंचशीला म्हणाली.

अंगदच्या अंगणात, लिंबाखाली रोहिणीनं मोबाईल स्टँडवर लावला. ती पोरगी नम्र होती, हळू बोलत होती. पंचशीलानं माणिकची गाणी सांगितली, जीप सांगितली, त्याचा फाटका आवाज सांगितला. रोहिणीनं विचारलं, "आणि आता ते पुण्याला असतात ना?"

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "ते पुण्याला कधीच गेले न्हाईत. ते वडगावातच वारले. घरात. मी जवळ होते."

रोहिणीनं अंगदकडं पाहिलं. अंगद जमिनीकडं बघत होता.

"कशानं गेले, काकू?"

"आजारी होते," पंचशीला म्हणाली आणि पदर सारखा केला.

रोहिणीनं पुढं विचारलं नाही. मग अंगदनं बेंजो काढला. तारा गंजल्या होत्या, त्यातल्या दोन नव्या लावल्या होत्या. पंचशीला गायली. जनरेटर बंद करणारं कुणी नव्हतं, म्हणून गाणं शेवटापर्यंत गेलं. आवाज आता म्हातारा झाला होता. रोहिणी मोबाईलच्या मागं उभी राहून डोळे पुसत होती, आणि पंचशीलाला त्या मुलीची थोडी काळजी वाटली.

व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. कुणी लिहिलं, आमच्या लग्नात हेच गाणं होतं. कुणी लिहिलं, माझ्या वडिलांना आज फोन केला. मग एकानं लिहिलं, 'हा एड्सनं मेला. बायकोला पण आहे. सगळ्या वडगावला माहीत आहे.' खाली भांडण लागलं. कुणी म्हणालं, मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नका. कुणी म्हणालं, अफवा आहे. कुणी विचारलं, मग ही बाई अजून जिवंत कशी?

अंगदला त्याच्या पुतण्यानं हे वाचून दाखवलं. तो म्हातारा दिवसभर अस्वस्थ होता. संध्याकाळी त्यानं पुतण्याला सांगितलं, मी म्हणतो तसं लिही. पुतण्यानं लिहिलं, 'मी अंगद. बेंजो वाजवणारा. माणिक एड्सनंच गेला. तो माझा मित्र होता. लोकांनी त्याला लई छळलं आणि मी त्याला पुण्याला धाडलं. खोटं मी बोललो. वैनीची काही चूक नाही.'

त्यानं हे पंचशीलाला विचारून केलं नाही. तिनं तलवाड्याला काय सांगितलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला वाटलं, आता तरी आपण माणिकचं ताट बाहेर ठेवत नाही आहोत.

भिवराबाई दोन दिवसांनी केजला आल्या. एकट्याच आल्या, एसटीनं. दारात चप्पल काढली, आत आल्या आणि बसल्या. पंचशीलानं पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात धरला, पण लगेच तोंडाला लावला नाही.

"इहीनबाई, खरं काय हाय?"

पंचशीलानं सगळं सांगितलं. काहीच ठेवलं नाही. माणिकचं, स्वतःचं, गोळ्यांचं. सायलीला कधीच नव्हतं, हेही सांगितलं. भिवराबाई ऐकत होत्या. मधे एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

"लई सोसलंत तुमी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पन आमाला सांगायला पायजे होतं."

"सांगितलं असतं तर पोरगी केली असती का?"

भिवराबाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "न्हाई," त्या म्हणाल्या.

मग त्या पाणी प्यायल्या. सगळं प्यायल्या, तांब्या खाली ठेवला. जाताना म्हणाल्या, "सायलीची आन पोरीची येकदा तपासनी करून घिऊ. मनाला बरं. समाधान बी तसंच म्हनतो."

तपासणी झाली. दोघींनाही काही नव्हतं, नसणारच होतं. समाधाननं सासूला फोन केला आणि म्हणाला, "आत्या, मनावर घेऊ नका. आई जुन्या काळची आहे." पंचशीला म्हणाली, न्हाई घेत.

केजमध्ये काही बायांनी ब्लाऊज टाकायचे बंद केले. काहींनी केले नाहीत. समोरच्या गल्लीतली एक मास्तरीण मुद्दाम दोन ब्लाऊज घेऊन आली आणि नको इतका वेळ बसली. रोहिणी येऊन रडली आणि म्हणाली, काकू, व्हिडिओ काढून टाकू का? पंचशीला म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यात ते गाणं हाय."

अंगद आला तेव्हा त्याला तलवाड्याचं सगळं कळलं होतं. तो दारातच उभा राहिला, आत येईना.

"वैनी, मला ठावं न्हवतं."

"ठावं न्हवतं ते दिसतंच हाय," पंचशीला म्हणाली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. "खोटं बोललात तवा बी मला इचारलं न्हाई. खरं बोललात तवा बी न्हाई. येकदा तरी इचारायचं होतं, भाऊ."

अंगदनं मान डोलावली. तो तसाच वळून बसस्टँडकडं चालत गेला. तो गेल्यावर पंचशीलानं मशीन सुरू केलं, पण टीप वाकडी जायला लागली म्हणून उठून भांडी घासत बसली. त्या हिवाळ्यात अंगदला अर्धांगवायू झाला. ती भेटायला गेली तेव्हा त्यानं तिला ओळखलं आणि डाव्या हातानं चटईकडं बोट दाखवलं, बसा म्हणून. ती बसली.

पण त्याआधी दिवाळी आली होती.

पंचशीलानं करंज्या केल्या होत्या, संबोधीला आवडतात म्हणून जास्त सारण भरून. पाडव्याला सायली आली. एकटीच आली.

"संबोधी?"

"तिला सर्दी झालीय," सायली म्हणाली. पिशवी ठेवली, पाय धुतले आणि मग आईच्या समोर येऊन बसली. "सर्दी न्हाई झाली, मम्मी. सासूबाई म्हणाल्या, या वर्षी राहू दे."

"समाधान?"

"तो काही म्हणाला न्हाई."

पंचशीला म्हणाली, "बरं." मग तिनं सायलीला जेवायला वाढलं. सायलीनं आईच्या ताटातलाच घास घेतला, लहानपणी घ्यायची तसा, आणि पंचशीलानं तिला नको म्हटलं नाही. दुपारभर दोघी आडव्या पडून छताकडं बघत बोलल्या. संबोधी शाळेत काय म्हणते, लाईनमनला सणाच्या दिवशीच खांबावर कसं चढावं लागतं, असलं काहीबाही. पंचशीलानं एकदा विचारलं, "तुला घरात काही बोलत्यात का?" सायली म्हणाली, "बोलत न्हाईत. चांगलंच वागतात. उगाच जास्त चांगलं वागतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचशीला तिला एसटीपर्यंत सोडायला गेली. स्टीलच्या डब्यात करंज्या भरून दिल्या होत्या. "संबोधीला दे," ती म्हणाली. सायलीनं हो म्हटलं आणि डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली. गेवराईची गाडी लागायला वेळ होता. स्टँडवर माहेरी आलेल्या, परत निघालेल्या लेकींची गर्दी होती.

पंचशीला पाण्याची बाटली घेऊन आली तेव्हा सायलीनं डबा उघडला होता. ती एक करंजी खात होती. ती संपवून तिनं दुसरी घेतली. शेजारी बसलेल्या बाईला एक दिली, बाईच्या लेकीला एक दिली. मग पुन्हा स्वतः घेतली. तिच्या हनुवटीवर खोबऱ्याचा चुरा लागला होता आणि ती समोर, गाड्या लागतात तिकडं बघत होती.

हा डबा तलवाड्याच्या घरात शिरणार नाही, हे पंचशीलाला कळलं. ती तिच्या शेजारी बसली. बाटलीचं झाकण काढून तिनं ती पुढं केली.

"इतक्या येकदम खाऊ नकोस," ती म्हणाली. "पोटात दुखंल."

सायली पाणी प्यायली, तिनं बाटली आईला परत दिली आणि डब्यातली आणखी एक करंजी उचलून अर्धी तिच्या हातावर ठेवली.